मतपेटीबाहेरची माणसं आणि शहराची वीज



सुरुवात एका आकड्यानं करू. ४३.३३ टक्के. केंद्र सरकारनं ठरवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे २०२९-३० या वर्षात वीज वितरण करणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या एकूण विजेतला एवढा हिस्सा अक्षय स्रोतांतून आलेला असला पाहिजे. अक्षय म्हणजे सूर्य, वारा, पाणी, उसाचं चिपाड वगैरे. २०२४-२५ साठी हाच आकडा २९.९१ होता. म्हणजे दर वर्षी एकेक पायरी चढत जायचं आहे.

आकडा ऐकला की आपण दोनच गोष्टी विचारतो. जमेल का? आणि बिल किती वाढेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, मला त्याच्या आधीचा एक प्रश्न दिसतो. हे बंधन कुणी, कुणावर आणि कुणासाठी घातलं? आणि ते पाळलं असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय केलेलं असतं?

खासगी कंपनीच्या बाबतीत उत्तर सोपं वाटतं. मालक एक, ग्राहक दुसरा, आणि दोघांच्या मध्ये सरकार उभं राहून सांगतं की बाबा, नुसता नफा बघू नकोस, इतकी वीज सूर्यवाऱ्याची घे. पण समजा वीजसंस्था शहराच्याच मालकीची आहे. तिथे मालकही नागरिक, ग्राहकही नागरिक, आणि कारभारी निवडून देणाराही नागरिकच. मग बाहेरून बंधन कशाला? लोकांनी आपलं आपण ठरवावं की! आज मला या शंकेचा विचार करायचाय.

आपल्याकडे सोलापुरात वीज देते महावितरण, म्हणजे राज्य सरकारची कंपनी. शहराच्या मालकीची वीजसंस्था बघायची तर मुंबईला जावं लागतं. तर आधी मुंबईला जाऊ, आणि मग परत सोलापूरला येऊ. सोलापूरचा या गोष्टीशी संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा आहे.

बेस्ट नावाची संस्था

मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. १९०७ मध्ये तिची विजेवरची ट्राम धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, मुंबई महापालिकेनं हा सगळा उद्योग ताब्यात घेतला. तीच आपली बेस्ट. लोकांना बेस्ट म्हटलं की लाल बस आठवते, पण तिचा दुसरा हात विजेचा आहे. दक्षिणेला कुलाब्यापासून उत्तरेला माहीम आणि शीवपर्यंतच्या बेटावरच्या शहराला वीज बेस्ट पुरवते. ग्राहक दहा लाखांहून अधिक. अशी महापालिकेच्या हातातली वीज आपल्या देशात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. केरळात त्रिशूर महापालिकेचा वीज विभाग हे एक उदाहरण.

बेस्ट वीज विकत घेते आणि वाटते. त्यामुळे कुठली वीज घ्यायची, हा तिच्यापुढचा रोजचा प्रश्न. आणि इथेच कायदा येतो.

वीज कायदा २००३ चा. त्याचं कलम ८६, पोटकलम १, खंड ‘ई’. त्यात राज्याच्या वीज नियामक आयोगाला सांगितलंय की अक्षय विजेला उत्तेजन द्या आणि वितरण संस्थेनं किती टक्के वीज अशा स्रोतांतून घ्यायची ते ठरवा. महाराष्ट्राच्या आयोगानं २००६ साली पहिलं वेळापत्रक दिलं. २००६-०७ साठी ३ टक्के, आणि २००९-१० पर्यंत ६ टक्के. पुढे नियम होत गेले. २०१९ च्या नियमांत २०२४-२५ साठी २५ टक्क्यांचं लक्ष्य होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रानं ऊर्जा संवर्धन कायद्याखाली देशभरासाठी नवं वेळापत्रक काढलं, त्यातले आकडे मी सुरुवातीला सांगितले. या क्षेत्रातली मंडळी या बंधनाला ‘आरपीओ’ म्हणतात. आपण आज नुसतं ‘बंधन’ म्हणू.

टक्के हा फसवा शब्द आहे, म्हणून जरा पाटीवर हिशोब मांडू. समजा एक शहर वर्षाला १०० कोटी युनिट वीज वापरतं. त्याचे ३० टक्के म्हणजे ३० कोटी युनिट. आपल्याकडच्या उन्हात १ मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट देतो. १६ लाख धरले, तर सगळी सौर वीज घ्यायची म्हटल्यास सुमारे १८७ मेगावॉट लागतील. एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन धरा. म्हणजे साडेसातशे ते साडेनऊशे एकर. आता कुलाबा ते माहीम एवढी मोकळी जमीन कुठे आहे ते सांगा! (हशा.) तुम्ही हसलात, म्हणजे मुद्दा पोचला. शहराचं बंधन शहरात पाळता येत नाही. ते दुसऱ्या कुणाच्या तरी रानात जाऊन पाळावं लागतं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

आमचं आम्ही ठरवू

आता ती शंका. लोकांच्या मालकीच्या संस्थेला बाहेरून बंधन का?

ही शंका हवेतली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २००२ साली असंच बंधन घालणारा कायदा केला. तिथे लॉस एंजेलिससारख्या मोठ्या शहराची वीज शहराच्याच मालकीची आहे. त्या कायद्यानं खासगी कंपन्यांना आकडा घालून दिला, पण शहरांच्या मालकीच्या संस्थांना सांगितलं की तुमचं लक्ष्य तुम्हीच ठरवा. तर्क हाच होता. त्यांचे कारभारी लोकांनी निवडलेले आहेत, चुकले तर लोक बघून घेतील. नऊ वर्षांनी, २०११ मध्ये, राज्यानं ही सूट काढली आणि २०२० पर्यंत ३३ टक्के हा एकच दंडक सगळ्यांना लावला, शहरांच्या संस्थांनाही.

आपल्या २००३ च्या कायद्यातही शहराच्या संस्थांचा वेगळा विचार आहे, पण दुसऱ्या जागी. कलम ५१ मध्ये वितरण संस्थेनं दुसरा धंदा केला तर त्याची बंधनं दिली आहेत. कायदा येण्याआधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक संस्थेला ती लागू नाहीत, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. कलम ४२ मध्ये ग्राहकानं दुसरीकडून वीज घेण्याची जी वाट आहे, तिथेही अशा संस्थांना वगळलंय. म्हणजे कायदा करणाऱ्यांना सूट कशी द्यायची ते ठाऊक होतं. पण अक्षय विजेच्या बंधनात त्यांनी अशी सूट ठेवली नाही. ते ठीक झालं का?

माझं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि त्याचं कारण विजेत नसून लोकशाहीच्या स्वरूपात आहे. महापालिकेला जाब कोण विचारू शकतो? ज्याचं नाव आज मतदार यादीत आहे तो. पण शहरानं कुठली वीज घ्यावी याचा परिणाम ज्यांच्यावर होतो, त्यातले पुष्कळ जण त्या यादीत नसतात. जी मुलं अजून जन्मालाच आली नाहीत, ती नाहीत. ज्या गावाशेजारी कोळशाचं केंद्र उभं आहे, तिथले लोक नाहीत. चिमणीतून निघालेला धूर प्रभागाची हद्द बघून थांबत नाही, पण मत मात्र प्रभागापुरतंच चालतं. नगरसेवक कितीही सज्जन असला तरी त्याच्या दारात येऊन ‘बिल का वाढवलंस’ म्हणणारा माणूस आजचा असतो. पन्नास वर्षांनंतरचा माणूस त्याच्या दारात येऊच शकत नाही.

म्हणून बाहेरून घातलेलं बंधन ही लोकांवर दाखवलेली अविश्वासाची खूण आहे, असं मला वाटत नाही. जे मतपेटीच्या बाहेर आहेत त्यांची ती खुर्ची आहे. बैठकीला ते येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं एक आकडा तिथे बसवलेला आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही या अंगानं विचार केलाय. राजस्थानात स्वतःसाठी वीज तयार करणाऱ्या उद्योगांनी, हिंदुस्तान झिंकनं आणि इतरांनी, या बंधनाला आव्हान दिलं होतं. १३ मे २०१५ रोजी न्यायालयानं बंधन उचलून धरलं, आणि आधार घेतला राज्यघटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा, आणि कलम ५१क (छ) चा, म्हणजे निसर्गाचं रक्षण करण्याच्या नागरिकाच्या कर्तव्याचा. एका बाजूला हक्क, दुसऱ्या बाजूला कर्तव्य, आणि दोन्हींमध्ये वीज खरेदीचा एक रुक्ष नियम. मला ही जोडणी फार अर्थपूर्ण वाटते.

टक्का कशासाठी

आता थोडं कांटकडे जाऊ, फार वेळ घेत नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यानं १७८५ च्या आपल्या ग्रंथात कर्तव्याचे दोन प्रकार केले. एक पूर्ण कर्तव्य: खोटं वचन देऊ नकोस. यात मोकळीक नाही. दुसरं अपूर्ण कर्तव्य: दुसऱ्याला मदत कर. हेही कर्तव्यच, पण किती, केव्हा आणि कुणाला, हे ठरवायची मोकळीक माणसाला आहे. आणि मोकळीक असली की काय होतं, आपल्याला ठाऊक आहे. ‘करू की, बघू की’ म्हणता म्हणता वर्ष सरतं.

‘स्वच्छ वीज घ्यावी’ हे असंच अपूर्ण कर्तव्य होतं. टक्क्यानं त्याला माप दिलं. हा टक्क्याचा मोठा गुण. पण माप मिळालं की एक धोकाही येतो. माप भरलं म्हणजे कर्तव्य झालं असं वाटू लागतं, आणि माप भरायच्या आडवाटा निघतात. त्यातल्या दोन सांगतो.

पहिली वाट दंडाची. महाराष्ट्राच्या २०१९ च्या नियमांत अशी तरतूद होती की लक्ष्य चुकलं तर तुटीच्या दर युनिटमागे १० पैसे संस्थेच्या मान्य महसुलातून कापायचे. म्हणजे हा दंड ग्राहकाच्या बिलात घालायचा नाही, मालकानं आपल्या खिशातून सोसायचा. खासगी कंपनीला हे बरोबर लागतं, भागधारकांचा नफा कमी होतो. पण शहराच्या संस्थेचा मालक कोण? शहर. दंड ग्राहकाच्या उजव्या खिशातून घ्यायचा नाही म्हटलं, तर तो नागरिकाच्या डाव्या खिशातून जातो. रस्ता, शाळा, बस यांतून कुठून तरी कमी होतो. शिवाय तो कुणाला जाणवतही नाही. न जाणवणाऱ्या शिक्षेनं कुणी सुधारत नाही. खासगी मालकासाठी बेतलेला अंगरखा शहराला तसाच घातला की असं होतं.

दुसरी वाट प्रमाणपत्राची. अक्षय विजेत दोन गोष्टी आहेत असं मानलं जातं: एक प्रत्यक्ष वीज, आणि दुसरा तिचा ‘हिरवेपणा’. हे दोन्ही वेगवेगळे विकता येतात. १००० युनिट अक्षय विजेमागे एक प्रमाणपत्र. २०११ पासून आपल्याकडे वीज बाजारात त्यांची खरेदी-विक्री चालते. ज्या संस्थेला स्वतः अक्षय वीज घेणं जमलं नाही, तिनं प्रमाणपत्रं विकत घ्यायची आणि टक्का पूर्ण करायचा.

ही कल्पना ऐकली की मला आपल्या धर्मशास्त्रातला एक शब्द आठवतो. प्रत्याम्नाय. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रायश्चित्तांचं सविस्तर विवेचन केलंय. मूळ प्रायश्चित्त कडक: इतके दिवस उपास, इतका जप. ते झेपत नसेल तर त्याऐवजी गाय दान द्या, हा झाला प्रत्याम्नाय. गाय नसेल तर गाईची किंमत द्या, तो निष्क्रय. हळूहळू उपास बाजूला राहिला आणि किंमत तेवढी उरली.

या पर्यायाची मी टिंगल करत नाही. त्यामागे करुणा होती. आजारी, म्हाताऱ्या माणसानं बारा दिवस उपास कसा करायचा? तसंच ज्या राज्यात वारा नाही, ज्या शहरात जमीन नाही, त्यानं काय करायचं? प्रमाणपत्रामुळे निदान दुसरीकडच्या प्रकल्पाला चार पैसे मिळतात. पण पर्याय हा अडचणीपुरता असतो. धडधाकट माणसानं दर वर्षी निष्क्रयच दिला, तर त्याला प्रायश्चित्त म्हणायचं की सवय? शहराच्या संस्थेनं टक्का गाठला असं जाहीर केलं, तर नागरिकानं विचारलं पाहिजे की यातला उपास किती आणि गाईची किंमत किती.

कधी, कुठून, कुणाच्या पैशानं

आता आपण मूळ गोष्टीशी आलो. टक्का आपल्याला ‘किती’ ते सांगतो. आणखी तीन प्रश्न तो विचारतच नाही. कधी? कुठून? कुणाच्या पैशानं? खासगी कंपनी या प्रश्नांना बगल देऊ शकते. शहराच्या संस्थेला ती सोय नाही, कारण ती आपल्या नावावर चालते.

‘कधी’ बघा. टक्का वर्षाचा मोजतात. वर्षभरात मिळून तीस टक्के झाले की झालं. पण वीज वर्षाची वापरत नाहीत, त्या क्षणाची वापरतात. दुपारी बारा वाजता ऊन भरपूर, सौर वीज भरपूर. संध्याकाळी साडेसातला घराघरांत दिवे, पंखे, वातानुकूलन यंत्रं चालू, आणि सूर्य मावळलेला. तेव्हाची वीज कुठली? बहुतेक कोळशाची. म्हणून वारा आणि ऊन एकत्र घेण्याचे करार, धरणात पाणी वर चढवून ठेवणं, बॅटऱ्या, यांची गरज पडते. आणि एखाद्या दिवशी दूरचा पुरवठाच तुटला तर? १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत सकाळी वीज गेली, लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. त्या सकाळी वार्षिक टक्का कुणाच्या कामाचा नव्हता. संस्थेनं तासागणिक हिशोब लोकांपुढे ठेवला, तर ‘आपण किती स्वच्छ’ याचं खरं चित्र दिसेल. चित्र जरा कमी गोजिरं असेल, पण खरं असेल.

‘कुठून’ हा प्रश्न मला सगळ्यांत जड वाटतो. मुंबईला स्वच्छ वीज आजच मिळू लागली असं नाही. १९१५ साली खोपोलीच्या टाटा केंद्रातून मुंबईकडे पाण्याची वीज येऊ लागली. धूर नाही, कोळसा नाही. आजच्या भाषेत शंभर नंबरी अक्षय! पुढे तशाच विजेसाठी मुळशीला धरण बांधायचं ठरलं, आणि १९२१ मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट हे नाव त्या लढ्यातून घरोघरी गेलं. धरण झालंच. गावं पाण्याखाली गेली, दिवे दुसरीकडे लागले. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रानं हे शिकायला हवं होतं की वीज स्वच्छ असली म्हणून ती आपोआप न्याय्य होत नाही.

साडेनऊशे एकरांचा हिशोब आठवा. जर्मनीत म्युनिक शहराच्या मालकीची वीजसंस्था आहे. तिनं २००९ मध्ये ठरवलं की २०२५ पर्यंत शहर जेवढी वीज वापरतं तेवढी अक्षय वीज आपण स्वतःच्या प्रकल्पांतून तयार करू. म्युनिक आल्प्सजवळ. त्यांनी पवनचक्क्यांत पैसे घातले ते पार उत्तर समुद्रात. म्हणजे जागा त्यांनाही बाहेरच शोधावी लागली. फरक असा की तिथे शहर नुसतं गिऱ्हाईक राहिलं नाही, प्रकल्पात भागीदार झालं. भागीदाराला जबाबदारी झटकता येत नाही.

आणि मतपेटीबाहेर फक्त माणसंच आहेत का? इथून जवळच नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. राजस्थान-गुजरातमध्ये सौर आणि पवन प्रकल्पांच्या तारांना धडकून हा पक्षी मरतो, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये न्यायालयानं तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलताना न्यायालयानं हेही सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क माणसाला आहे. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पुढची पिढी. दोघेही मुके. म्हणूनच दोघांच्या वतीनं बोलणाऱ्याला फार जपून बोलावं लागतं.

तिसरा प्रश्न पैशाचा. वीजबिलात फक्त विजेचे पैसे असतात असं समजू नका. बेस्टच्या बसचा तोटा भरून काढण्यासाठी काही वर्षं वीज ग्राहकांच्या बिलात वेगळी रक्कम होती. काहींना तो अन्याय वाटला, काहींना ते शहराचं एकमेकांना धरून राहणं वाटलं. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखं होतं. अक्षय विजेचंही तसंच. आज नवी सौर वीज पुष्कळदा कोळशापेक्षा स्वस्त पडते, पण ती संध्याकाळसाठी साठवायची म्हटली की खर्च वाढतो, आणि जुन्या केंद्रांचे करार संपेपर्यंत त्यांचा स्थिर आकार चालूच राहतो. हा बोजा कुणावर?

२०२१ मध्ये आयोगानं एक वाट काढली. ज्या ग्राहकाला शंभर टक्के अक्षय वीज हवी, त्यानं तेव्हाच्या दरानं युनिटमागे ६६ पैसे जादा द्यायचे होते. २०० युनिट वापरणाऱ्याला १३२ रुपये. ज्याला परवडतं त्यानं जरूर द्यावेत. पण मी म्हणेन की ही दानाची वाट आहे. दान चांगलंच, पण सगळ्यांचं कर्तव्य थोड्यांच्या दानावर सोडता येत नाही. तसंच गच्चीवरच्या सौर पॅनेलचं. २०२४ पासून केंद्राच्या योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ज्याला गच्ची आहे त्याचं बिल उतरतं. पण चाळीतल्या भाडेकरूला गच्ची कुठली? तारांचा, खांबांचा, उपकेंद्रांचा खर्च मग ज्यांना गच्ची नाही त्यांच्यावर जास्त पडू लागतो. शहराच्या संस्थेनं शाळांच्या, दवाखान्यांच्या, बस आगारांच्या छपरांवरची वीज गरीब ग्राहकांच्या नावे जमा केली, तर टक्काही वाढेल आणि न्यायही होईल. केंद्राच्या वेळापत्रकात छोट्या, विखुरलेल्या प्रकल्पांसाठी वेगळा हिस्सा ठेवलेलाच आहे.

सोलापूरच्या अंगणात

आता घरी येऊ. वीजसंस्था आपल्या मालकीची नाही, म्हणून हे सगळं मुंबईचं दुखणं समजून उठून जाऊ नका. (हशा.) देशाच्या विजेच्या नकाशावर सोलापूर अगदी मध्यावर आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताची वीज उरलेल्या देशाशी जोडली गेली. देशाचं एक जाळं पूर्ण झालं ते आपल्या गावाच्या नावानं. इथे एनटीपीसीचं कोळशाचं केंद्र आहे, १३२० मेगावॉटचं, आणि त्याला पाणी उजनीचं लागतं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके, आणि चिपाडावर होणारी सहवीज हीसुद्धा अक्षय विजेतच मोजतात. ऊन तर विचारूच नका, ते आपल्याकडे वाटून उरेल इतकं आहे.

म्हणजे दुसऱ्या शहरांची बंधनं पुरी होतात ती आपल्यासारख्या जिल्ह्यांत. आपण इथे मतपेटीबाहेरची माणसं आहोत! मुंबईच्या मतदार यादीत नाव नसलेली, पण मुंबईच्या विजेची किंमत जाणणारी. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माळावर पॅनेल लागली, तर जमीन विकत घेतली की भाड्यानं, भाडं किती वर्षांनी वाढणार, तिथल्या शेतकऱ्याच्या पंपाला दिवसा वीज मिळणार की त्यानं रात्री अंधारात साप-विंचवांतून पाणी धरायला जायचं, हे प्रश्न आपले आहेत. करार करणाऱ्या शहराच्या संस्थेलाही ते विचारता आले पाहिजेत.

दुसरं असं की महापालिका वीज विकत नसली तरी ती मोठी ग्राहक आहे. पाणी खेचायला, दिव्यांना, दवाखान्यांना तिला वीज लागते. आपल्या घरी काही दिवसांआड पाणी येतं, पण त्यासाठी लांबून, उजनीवरून ते पंपानं आणावं लागतं. टाक्यांची क्षमता वाढवून जमेल तेवढं पाणी दिवसा, उन्हाच्या विजेवर चढवलं, तर ती पाण्याची टाकी म्हणजे शहराची बॅटरीच. त्यासाठी कुठला नवा शोध लागायची गरज नाही. महापालिकेनं स्वतःला एक आकडा बांधून घ्यायची गरज आहे, आणि तो वर्षाचा न बांधता तासांचा बांधावा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वीजदर ठरण्याआधी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात, कायद्याच्या कलम ६४ मध्ये तसं आहे. आपण तिथे गेलोच, तर ‘दर वाढवू नका’ एवढंच म्हणतो. ते म्हणाच. पण त्याच्या जोडीला तीन ओळी लिहा. अक्षय विजेचं लक्ष्य प्रत्यक्ष विजेनं किती भरलं आणि प्रमाणपत्रांनी किती? संध्याकाळी सहा ते दहा या वेळात अक्षय वीज किती होती? आणि ज्या गावांतून ती आली, तिथल्या लोकांशी काय करार झाला? बेस्टचा ग्राहक हे विचारू शकतो, महावितरणचाही विचारू शकतो. उत्तर लगेच येईल असं नाही. पण प्रश्न नोंदला जातो, आणि जी माणसं त्या सुनावणीला येऊ शकत नाहीत, त्यांच्या वतीनं कुणीतरी बोललं एवढं तरी होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.